मार्कंड्याची वाळू आणि पोरांचा शौक

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांना मातीचा रस्ता नवा नाही. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि उन्हाळ्यात फुफाटा, अशा वाटांवरूनच त्यांचे आईवडील शाळेत गेले. रस्ता डांबरी व्हावा म्हणून गावोगावच्या लोकांनी अर्ज केले, मोर्चे काढले. आता काळाची गंमत अशी की डांबरी रस्त्यावर वाढलेल्या पोरांना मातीच्या रस्त्याचा शौक लागला आहे. मोबाइलवर डर्ट बाइकच्या चित्रफिती पाहायच्या, मातीच्या उंचवट्यावरून उडणारी गाडी पुन्हापुन्हा बघायची आणि "एकदा तरी अशी चालवायची" म्हणायचे, हे घरोघरी चालले आहे. आमचे घरही त्याला अपवाद नाही. मोठा मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात आहे. बहिणीचा मुलगा सोळाचा. दोघांचे बोलणे गाडीपासून सुरू होते आणि गाडीपाशीच संपते.

डर्ट बाइक म्हणजे केवळ मोठा आवाज करणारी मोटारसायकल नव्हे. ती वजनाला हलकी, जमिनीपासून उंच, खोल खाचांच्या टायरची आणि खड्डा पचवणाऱ्या लांब शॉकअपची असते. खऱ्या डर्ट बाइकला दिवा नसतो, इंडिकेटर नसतो, नंबरप्लेट नसते. ती रस्त्यावर आणायचीच नसते. तिच्यासाठी वेगळे मैदान लागते. परदेशात अशी मैदाने पुष्कळ आहेत. आपल्या देशात कर्नाटकातील कोलारजवळ सी. एस. संतोष यांनी असे मैदान उभे केले आहे. हे संतोष २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय. केरळच्या शोरनूरचा हारिथ नोआ याने तर २०२४ मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात झालेल्या याच रॅलीत 'रॅली-२' हा गट जिंकला. डकारमध्ये एखादा गट जिंकणारा तो पहिला भारतीय. आमच्या भाच्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्याचे चित्र आहे.

कोलार आमच्यापासून फार दूर आणि खर्चही फार. तेव्हा दोघांनी तोड काढली, "मार्कंड्याला जाऊ. तिथे नदी आहे, वाळू आहे, जंगल आहे. तंबू टाकू, गाडी फिरवू. वेगळे पार्क कशाला हवे?" जानेवारीच्या शेवटी जोडून सुट्ट्या आल्या होत्या. माझी बी.एड.ची मैत्रीण चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. तिचे बोलावणे बरेच दिवसांचे होते. आम्ही निघालो. मुलांचे अब्बू, धाकटी मुलगी, भाचा आणि मी मोटारीत, आणि लायसन असलेला मोठा मुलगा आपल्या साध्या मोटारसायकलवर, आमच्या पुढे, नजरेच्या टप्प्यात.

चंद्रपूरहून मूलकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. म्हणून ऊन चांगले वर आल्यावरच निघायचे, हे आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. चितळ, रानडुक्कर, रोही अचानक रस्त्यावर येतात आणि वाघही येतो. चिचपल्लीच्या पुढे रस्त्याकडेला थांबायचे नाही, गाडी एकटी मागे ठेवायची नाही, हॉर्न वाजवत सुटायचे नाही, एवढे नियम मुलाला बजावले होते. त्याने विचारले होते, "ताडोब्यात मोटारसायकल का चालत नाही?" ताडोबा हे १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथे सफारीला नोंदणी केलेली जिप्सी आणि सोबत गाइड लागतो. कारण साधे आहे. उघड्या गाडीवरच्या माणसाला तिथे आडोसा नाही आणि इंजिनाच्या गोंगाटात जनावराला चैन नाही.

मूलपासून मुलूख बदलतो. मालगुजारी तलाव, कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, तणसाचे ढीग. हरणघाटाला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पूर्वी हा सारा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता, त्यामुळे दोन्ही बाजूंची नातीगोती आजही तशीच आहेत. चामोर्शीच्या अलीकडे-पलीकडे विचारले की कुणीही मार्कंड्याची वाट दाखवतो.

मार्कंडादेव हे गाव नदीच्या अगदी काठावर आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा इथे वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते, म्हणून भाविक या जागेला विशेष मानतात. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. काठावर जवळपास हजार वर्षांपूर्वीच्या दगडी मंदिरांचा समूह आहे. पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या सुमारास इथे आले होते आणि त्यांनी या मंदिरांची सविस्तर नोंद करून ठेवली. मुख्य मंदिराचे शिखर पूर्वी वीज पडून कोसळले होते, असे जुन्या नोंदी सांगतात. भिंतींवर शेकडो मूर्ती आहेत. हत्तींच्या रांगा, वादक, नर्तकी, सिंह आहेत. आम्ही चपला काढून, भाविकांच्या वाटेत न येता, बाहेरून सावकाश पाहिले. माझ्या मुलीने एका ढोलवाल्याची मूर्ती वहीत काढून घेतली. दगडाला इतके बोलके करणारे कारागीर आपल्याच मातीतले होते, हे मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा इथे दाखवणे सोपे जाते.

इथली लोककथा सगळ्यांना माहीत आहे. मार्कंडेय नावाच्या मुलाला सोळाच वर्षांचे आयुष्य होते. मरण न्यायला आले तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो वाचला. पुजाऱ्यांनी ही गोष्ट आमच्या शेजारी उभ्या असलेल्या कुटुंबाला सांगितली, आम्हीही ऐकली. भाचा सोळाचा, माझ्याच बाजूला उभा. मला आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी आठवला. तीन वर्षांपूर्वी मित्राची गाडी घेऊन निघाला, डोक्यावर हेल्मेट नव्हते, वळणावर घसरला. त्याच्या मय्यतीला मी गेले होते. त्याची आई एकच वाक्य बोलत होती, "मी त्याला नको म्हटले होते हो." त्या दिवसापासून मी वर्गात नुसते 'नको' म्हणणे सोडले. नको म्हटल्याने शौक जात नाही. तो आईबापांच्या नजरेआड जातो.

मंदिराच्या मागून नदीत उतरलो. अर्धे पाणी, अर्धी वाळू. पोरांचे डोळे चमकले. वाळूवर आधीच दुचाकींच्या चाकांच्या गोल गोल खुणा होत्या. थोडे पुढे गेलो तर वाळूत ओळीने खड्डे खणलेले, त्यात शेणखत आणि कोवळे वेल. ही डांगरवाडी. नदी उतरली की इकडचे ढिवर आणि इतर नदीकाठचे लोक वाळूत टरबूज, डांगर, काकडी लावतात. खड्डे खणायचे, घागरीने पाणी घालायचे, ऊन वाढले की वेल झाकायचे, उन्हाळ्यात फळ विकून पुढचे काही महिने काढायचे. एक म्हातारे गृहस्थ खाली बसून मोडलेले वेल वेगळे करत होते. मी सलाम-नमस्कार केला आणि विचारले, "काका, जनावर शिरले का?"

"जनावर बरे, बाई," ते म्हणाले. "पोट्टे येतात, गाड्या फिरवतात, फोटो काढतात अन् जातात. मोडलेला वेल कोण उभा करते?"

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वेलांपासून दहा-पंधरा पावलांवर एक मोकळा पट्टा होता. उन्हाळा लागला की तिथे टिटवी अंडी घालते, उघड्या वाळूवर, खड्यांसारखी दिसणारी. चाकाखाली गेली तर चालवणाऱ्याला कळतही नाही. पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वाळू दिसते, पण डोह कुठं आहे ते आम्हालाच माहीत. नवख्यानं जाऊ नये."

मुलाने गाडी काठावरच उभी केली होती. त्याने किल्ली खिशात टाकली आणि काकांना घागरी भरून देऊ लागला. भाचाही गेला. तासभर दोघांनी पाणी वाहिले. मी काही सांगितले नव्हते. पाण्याच्या काठी असरची नमाज झाली, काकांनी जाताना मुलीच्या हातात मूठभर बोरे दिली.

रात्री मुक्काम मैत्रिणीकडे होता. तंबू जंगलात किंवा नदीत टाकायचा नाही, हे आधीच ठरले होते. गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. अलीकडच्या वर्षांत इथे वाघही वाढले आहेत. सरपणाला, मोहफुलाला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात, हे इथल्या वर्तमानपत्रांत वारंवार येते. शिवाय राखीव जंगलात विनापरवाना शिरणे आणि आग पेटवणे हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. मैत्रिणीच्या घराला लागून खळे होते, कुंपण घातलेले. तिथे दोन तंबू ठोकले. शेकोटी तणसापासून लांब, अंगणात. तांदळाची भाकरी, वांग्याची भाजी, वर लाखोरीच्या डाळीचे वडे. मुलांना तंबूत झोपण्याचा आनंद मिळाला आणि मला शांत झोप.

शेकोटीपाशी मैत्रिणीचे यजमान बोलत होते. तेही शिक्षक. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी भामरागडकडे काढली. तिकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. ते म्हणाले, "नाल्यात गाडी घातली की आधी पायाने तळ चाचपायचा. गाळ लागला तर उतरायचे, ढकलायचे. सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ द्यायचे नाही. तुम्ही ज्याला साहस म्हणता, त्यावर आम्ही मस्टरवर सही करायचो." सगळे हसलो. मग त्यांनी खाटेवर घालून दवाखान्यात न्यावी लागलेल्या एका बाळंतिणीची हकीकत सांगितली, तेव्हा कुणी हसले नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये नारायणपूर भागात अशा वाटांसाठी दुचाकीला जोडलेल्या रुग्णवाहिका चालवल्या गेल्या आहेत. म्हणजे मातीवर गाडी सांभाळण्याचे कसब ही या भागाची गरज आहे. आशाताई, शिक्षक, पोस्टमन, वनरक्षक यांना ते कुणी शिकवत नाही. पडत-झडत शिकावे लागते.

मुलाने तेव्हा विचारले, "अम्मी, नदीत नको, जंगलात नको, रस्त्यावर नको. मग चालवायची कुठे?"

प्रश्न रास्त होता. त्या रात्री त्याचे अर्धे उत्तर यजमानांनी दिले. खळ्याच्या पलीकडे त्यांची एक एकरभर पडीत जमीन होती. सकाळी तिथले दगड आणि काटे वेचले. चुन्याने इंग्रजी आठच्या आकाराची वाट आखली. एका वेळी एकच गाडी, बाकीचे रेषेबाहेर. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, घोट्यावर येणारे बूट, कोपर आणि गुडघ्याला पॅड. यजमानांनी आपल्या अनुभवातून शिकवले. नजर चाकाकडे नको, जिथे जायचे तिथे ठेव. उंचवटा आला की फूटरेस्टवर उभा राहा, गुडघे थोडे वाकव, गाडीला खालून हलू दे. सैल मातीत पुढचा ब्रेक एकदम दाबू नको. वेग हा शेवटचा धडा. मुलगा दोनदा पडला, दोन्ही वेळा हळू वेगात, हसत उठला. दोन तासांनी तो आठाचा आकडा पाय न टेकता पूर्ण करू लागला.

भाच्याला मोटारसायकल दिली नाही. तो रुसला. त्याला कायदा समजावून सांगितला, तो वाचकांनाही माहीत असलेला बरा. गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा वर्षे पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीच्या आतल्या गाडीचे लायसन मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. भाच्याला यजमानांची सायकल दिली. त्याच वाटेवर, तेच हेल्मेट घालून. धाकट्या मुलीनेही सायकल घेतली आणि तोल सांभाळण्यात ती भाच्यापेक्षा सरस निघाली. त्यानंतर त्याचा रुसवा टिकला नाही. त्याच्या लाडक्या खेळातले संतोषसुद्धा २०२१ च्या डकारमध्ये पडून बेशुद्धावस्थेत रुग्णालयात होते, हे त्याला मीच वाचून दाखवले. इतकी तयारी, इतके संरक्षण असलेल्या माणसाची ही गत, तर उघड्या डोक्याने निघणाऱ्याचे काय?

उरलेले अर्धे उत्तर परतीच्या वाटेवर सुचले. आमच्या घराच्या गच्चीवरून कोळसा खाणीचा मातीचा डोंगर दिसतो. उघड्या खाणीतून कोळशावरची माती काढून टाकतात, तिचेच हे डोंगर. बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, माजरी, जिकडे जावे तिकडे ते आहेत. शेती नाही, वस्ती नाही, बहुतेकांवर नुसती झुडपे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात सोडून दिलेल्या कोळसा खाणींच्या जमिनीवर डर्ट बाइक आणि जीप चालवण्याचे मोठे सार्वजनिक पार्क केले आहे. वेस्ट व्हर्जिनिया या कोळशाच्याच राज्यात २००० साली 'हॅटफील्ड-मॅकॉय' नावाच्या वाटा खुल्या झाल्या. त्यांतील बरीचशी जमीन खाण आणि लाकूड कंपन्यांची. परवाना घ्यावा लागतो, हेल्मेट सक्तीचे. खाणी बंद पडत चाललेल्या तिथल्या गावांत मुक्कामाची घरे, तंबूंच्या जागा, दुरुस्तीची दुकाने निघाली. आपल्याकडेही असे काहीच झाले नाही असे नाही. नागपूर जिल्ह्यात सावनेरला वेकोलिने खाणीच्या जागी इको-पार्क केले आणि २०१६ पासून लोकांना खाण दाखवण्याची सोय केली.

मग चंद्रपूर जिल्ह्यात एखाद्या जुन्या, स्थिर झालेल्या डोंगराच्या पायथ्याशी पोरांसाठी मातीचे मैदान का होऊ नये? काळजी घ्यावी लागेल हे खरे. काही डोंगर पावसात खचतात, काहींच्या पोटात कोळसा धुमसत असतो, दुर्गापूरकडच्या झुडपांत तर वाघ-बिबटे राहतात. म्हणून जाणकारांनी तपासून, वस्तीपासून आणि जंगलापासून लांबची जागा निवडावी. कुंपण, प्रशिक्षक, प्रथमोपचार, आवाजाची मर्यादा ठरवावी. तिथेच आशाताई आणि वनरक्षकांनाही मातीवर गाडी चालवण्याचे शिक्षण द्यावे. जवळच्या गावातल्या तरुणांना काम मिळेल. पोरांचा शौक भागेल आणि ढिवरकाकांचे वेल वाचतील. रस्त्यातला काटा-दगड दूर करणे हे आपल्या दीनने ईमानाचा भाग मानले आहे. दुसऱ्याच्या वाटेत, दुसऱ्याच्या पिकात आपण स्वतःच काटा होऊ नये, हेही त्यातच आले.

ज्यांना मुलाबाळांसह मार्कंड्याला जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस बरे. यात्रेचे दिवस टाळावेत. चंद्रपूरहून सकाळी ऊन वर आल्यावर निघून संध्याकाळच्या आत जंगलाचा रस्ता पार करावा. पाणी, जेवण, औषधे सोबत ठेवावीत. मंदिर हे प्रार्थनेचे स्थान आहे आणि संरक्षित स्मारकही, तिथले नियम पाळावेत. नदीत उतरण्यापूर्वी काठावरच्या माणसाला विचारावे आणि वाळूत गाडी नेऊ नये. कचरा परत आणावा. वेळ असेल तर दक्षिणेला आष्टीकडे, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते तो चपराळ्याचा संगम पाहावा. तिथे अभयारण्य आहे, चौकशी करूनच जावे.

घरी आल्यावर दोघा मुलांनी खाणीच्या एका अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. मैदानाचा नकाशा काढला, नियम लिहिले, सोबत कॉलेजच्या बेचाळीस मुलामुलींच्या सह्या घेतल्या. मी फक्त शुद्धलेखन तपासले. उत्तर अजून आलेले नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुलगा मैत्रिणीच्या पडीत जमिनीवर सरावाला जातो, आणि जाताना ढिवरकाकांसाठी बाजारातून रोपांचे खत घेऊन जातो. भाच्याच्या अठराव्या वाढदिवसाला दीड वर्ष आहे. तो सायकलवर आठाचा आकडा आता एका हाताने काढतो; मी त्याला सांगितले आहे की दोन्ही हात हँडलवर ठेव.